फडावरचा माईक

केंट वॉल्टन २००३ साली गेले. इंग्लंडात शनिवारी दुपारी आयटीव्हीवर कुस्त्या दाखवत, १९५५ पासून पार १९८८ पर्यंत, आणि समालोचनाला आवाज यांचाच. ती धंदेवाईक कुस्ती, निकाल बहुधा आधीच ठरलेला. पण वॉल्टनसाहेब आरडाओरडा न करता डावाचं नाव सांगत, पकड कुठं बसली ते समजावत. घरातल्या म्हाताऱ्याही त्यामुळं टीव्हीपुढनं हलत नसत.

आपली कुस्ती खरी, पण यात्रेत माईकवर निम्मा वेळ देणगीदारांचीच नावं! पोरगं ढाक लावून समोरच्याला चितपट करतं, तेव्हा निवेदक नारळ-फेट्याचा मान कुणाला ते पुकारत असतो. यात्रा कमिटीवाल्यांनो, पावत्या कुस्त्या संपल्यावर वाचा की! माईक गावातल्या एखाद्या जुन्या वस्तादाकडं द्या.