गृहशिक्षण : इतिहासाचें पुस्तक आणि शाळेचें वर्ष

जून महिन्यांत शाळा उघडल्या म्हणजे घरोघरीं नव्या पुस्तकांना वेष्टनें घालण्याची गडबड सुरू होते. गणित आणि इंग्रजी या विषयांची काळजी पालक पहिल्या दिवसापासून वाहूं लागतात. विज्ञानासाठीं कोठें शिकवणी आहे काय, याचीही चौकशी होते. इतिहासाच्या पुस्तकावर मात्र वडील मंडळींची दृष्टि जाते ती बहुधा सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्रीं. ‘गोष्टींचेंच तर पुस्तक, दोनदां वाचलें कीं झालें,’ असा एक समज आपल्या घरांतून रूढ आहे. सहावी, सातवी आणि आठवी या तीन इयत्तांतील मुलांस हा समज फार महाग पडतो, असें आमच्या पाहण्यांत आल्यावरून या वेळीं आम्हीं हा विषय घेतला आहे.

आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांतील हकीकत सांगतों. सातवींतील मुलगा, बुद्धीनें चांगला. सहामाहींत त्यास इतिहासांत उत्तम गुण मिळाले. घरांत सर्वांस संतोष झाला आणि त्या पुस्तकाकडे पुन्हां कोणी पाहिलें नाहीं. दिवाळीनंतर क्रीडास्पर्धा आल्या, स्नेहसंमेलन आलें, सहल आली. जानेवारींतील चाचणींत त्याचे गुण एकदम निम्म्यावर आले. वडिलांनीं शिक्षकांस दोष दिला, काकांनीं मुलाच्या खेळास दिला. आजी मात्र कांहीं न बोलतां त्याला जवळ घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “शिवाजी महाराज आग्र्यास कां गेले रे?” मुलानें मार्गदर्शकांतील उत्तर घडाघड म्हणून दाखविलें. “बरें, पण जावेंच कां लागलें? त्याच्या आधीं काय झालें होतें?” यावर तो गप्प झाला, आणि थोड्या वेळानें रडूं लागला. “आजी, मला उत्तरें येतात, पण गोष्ट येत नाहीं,” असें तो म्हणाला. त्या मुलाच्या या एका वाक्यांत सारा रोग आणि त्याचें निदान हीं दोन्हीं आलीं, असें आम्हांस वाटतें.

आदल्या रात्रीं केलेलें पाठांतर टिकत नाहीं, ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यानें स्वतःवरच प्रयोग करून १८८५ सालीं असें दाखविलें कीं, निरर्थक अक्षरांच्या पाठ केलेल्या याद्यांतील निम्म्याहून अधिक भाग तासाभरांतच स्मृतींतून सुटतो. पुढें विसरण्याचा वेग मंदावतो, आणि पुनःपुन्हां उजळणी केल्यास विसरणेंही कमी होतें. याहून आपल्या उपयोगाचा प्रयोग अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठांत रोडिगर आणि कार्पिक या दोघां संशोधकांनीं केला. तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटानें उतारा पुन्हां वाचला आणि दुसऱ्या गटानें तो मिटून ठेवून आठवेल तितका लिहून काढला. पांच मिनिटांनीं विचारलें तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते. एका आठवड्यानें विचारलें तेव्हां मात्र आठवून लिहिणारे पुढें गेले. म्हणजे ‘पुन्हां वाच’ असें सांगण्यापेक्षां ‘पुस्तक मीट आणि सांग’ असें सांगणें अधिक हिताचें होय. आपल्या घरांतील आजीस या प्रयोगाची वार्ता नव्हती. तरी उपाय तिनें तोच केला.

परंतु केवळ स्मरण हा इतिहासाचा अर्धाच भाग झाला. दुसरा भाग कालक्रमाचा. बारा वर्षांच्या मुलास ‘पन्नास वर्षें’ आणि ‘दीडशें वर्षें’ हे दोन्ही शब्द सारखेच दूरचे वाटतात. त्यामुळें शिवकाळ आणि पेशवाई त्याच्या मनांत एकमेकांत मिसळतात. यावर एक साधा उपाय आम्ही सुचवितों. कागदाच्या पट्ट्या चिकटवून माजघराच्या भिंतीवर एक लांब पट्टी लावावी आणि एका वर्षास एक सेंटिमीटर असें माप धरावें. प्रारंभ १६३० पासून, म्हणजे शिवजन्मापासून करावा. ५० व्या सेंटिमीटरवर १६८०, महाराजांचें निधन. ७७ वर १७०७, औरंगजेबाचा मृत्यु. ९० ते ११० या भागांत थोरल्या बाजीरावांची पेशवाई. १३१ वर १७६१, पानिपत. १८८ वर १८१८, पेशवाईचा अंत. ही पट्टी मुलानें स्वतःच्या हातानें आंखली पाहिजे. वडिलांनीं सुबक करून दिलेली पट्टी ही नुसती शोभेची वस्तु होते. ५० पासून ९० पर्यंतची मोकळी जागा पाहिली म्हणजे मूल आपण होऊन विचारतें, “या चाळीस वर्षांत काय झालें?” मग संभाजी महाराज, राजाराम महाराज आणि ताराबाई यांचीं नांवें पाठ करावीं लागत नाहींत. ज्या जागेस नांव हवें होतें, तेथें तीं जाऊन बसतात. पट्टी पुढें वाढवीत नेली तर १९४७ हें वर्ष ३१७ व्या सेंटिमीटरवर येतें. तेथून पुढें आजोबांचा जन्म, आईबाबांचें लग्न आणि शेवटीं स्वतः मूल. इतिहास आपल्या घरापर्यंत चालत आलेला आहे, हें अशा वेळीं त्याच्या डोळ्यांस दिसतें.

आतां आठवड्याच्या क्रमाविषयीं. एकत्र कुटुंबांत माणसांची वाण नसते. परंतु जें सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे, असाही अनुभव येतो. म्हणून इतिहासाकरितां घरांतील एका वडील माणसाचें नांव जूनमध्येंच ठरवून टाकावें. आजोबा असोत, आत्या असो कीं धाकटी काकू असो. त्या व्यक्तीस इतिहास येत असलाच पाहिजे असें नाहीं, ऐकण्याची हौस मात्र असली पाहिजे. शनिवारीं दिवेलागणीनंतर २० मिनिटें पुरेत. त्या वेळीं पुस्तक मिटलेलें असावें. मुलानें त्या आठवड्याचा धडा गोष्टीसारखा सांगावा. ऐकणाऱ्यानें मध्यें दोनच प्रश्न विचारावे : ‘कां?’ आणि ‘मग काय झालें?’ शेवटीं महिन्यापूर्वीच्या एखाद्या धड्यावर एक प्रश्न विचारावा. चुकल्यास रागावूं नये. पुस्तक उघडून दोघांनीं मिळून पाहावें.

यासाठीं एक वही ठेवावी. दर धड्यास एकच पान आणि पानावर चार रकाने : काय, केव्हां, कां, मग काय. उदाहरणार्थ, ‘काय’ या रकान्यांत पुरंदरचा तह, ‘केव्हां’मध्यें जून १६६५, ‘कां’मध्यें मिर्झाराजे जयसिंगाची स्वारी आणि पुरंदरास पडलेला वेढा, ‘मग काय’मध्यें २३ किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांस दिला, महाराजांकडे १२ किल्ले राहिले आणि पुढल्या वर्षीं आग्र्यास जाणें घडलें. इतकें लिहिलें म्हणजे आजीच्या त्या प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळतें. वर्षाअखेर ही वही म्हणजे मुलानें स्वतः रचलेलें एक लहानसें पुस्तकच होतें. परीक्षेच्या आधीं तीच हातीं द्यावी.

वर्षभर लक्ष टिकावें यासाठीं आपलें पंचांग आणि दिनदर्शिका यांचेंही साहाय्य घेतां येतें. ६ जून हा १६७४ च्या राज्याभिषेकाचा दिवस; शाळा उघडण्याच्या सुमारासच तो येतो. त्या दिवशीं वही उघडावी. दिवाळींत मुलें अंगणांत किंवा सदनिकेच्या सज्ज्यांत मातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात. तो किल्ला नुसता ‘किल्ला’ न राहतां पुरंदर किंवा पन्हाळा असावा, आणि तेथें काय घडलें तें मुलानें पाहुण्यांस सांगावें. १० नोव्हेंबर हा १६५९ च्या प्रतापगडच्या प्रसंगाचा दिवस. संक्रांतीचे तिळगूळ वाटले जातात त्याच दिवसांत १४ जानेवारी येते. १७६१ सालीं त्या तारखेस पानिपत झालें. १९ फेब्रुवारीस शिवजयंती. ३ एप्रिलला महाराजांची पुण्यतारीख. दिवाळीनंतर मुलांचें मन भरकटतें म्हणून आपण तक्रार करतों. पण हे दिवस नेमके त्याच काळांत येतात, याकडे आपलें लक्ष जात नाहीं.

इतकें करूनही मूल मागें पडेल. आजारपण येईल, लग्नकार्यें येतील, चार शनिवार चुकतील. अशा वेळीं चुकलेले चारही धडे एका रविवारीं पुरे करण्याचा हट्ट धरूं नये. त्यानें मूल थकतें आणि विषयावरच रुसतें. चुकलेल्या धड्यांचीं चार पानें तेवढीं रिकामीं ठेवावीं, चालू धडा शाळेबरोबर धरावा, आणि दर शनिवारीं मागलें एक पान भरून काढावें. चार आठवड्यांत देणें फिटतें आणि नवें देणें होत नाहीं.

शेवटीं एक नाजूक गोष्ट. आपल्या घरांतून पेशवाईच्या कथा मोठ्या अभिमानानें सांगितल्या जातात. सांगाव्याही, परंतु मूल ज्या वर्गांत बसतें तेथें सर्व घरांतील मुलें बसतात आणि इतिहास सर्वांचा आहे, याचा विसर पडूं नये. पानिपतावर मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी होता, हें त्यास कळलें पाहिजे. जोतीराव फुले यांनीं १८६९ सालीं शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला तो शेतकऱ्यांचा राजा म्हणून. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालच्या आपल्या ग्रंथांत त्याच राज्याच्या उदयामागें संतांनीं केलेली जागृति पाहिली. दोन थोर पुरुष एकाच राजाकडे दोन बाजूंनीं पाहूं शकतात, हें आठवींतील मुलास समजलें तर तें त्याच्या विचारशक्तीस मोठें भांडवल होईल.

वर सांगितलेल्या कुटुंबांत पुढें काय झालें तेंही सांगतों. आजींच्या शनिवारांनीं त्या मुलाचे गुण वार्षिक परीक्षेंत बरेच सुधारले. तो पहिला आला नाहीं. परंतु शिवजयंतीस आजोबांनीं जेवतांना सांगितलें कीं महाराजांचा जन्म १६२७ चा. मुलगा भीत भीत म्हणाला, “आजोबा, तुमच्या पुस्तकांत तसें असेल, आमच्या पुस्तकांत १६३० आहे.” पानावर क्षणभर शांतता पसरली. आजोबांनीं त्यास विचारलें, “कशावरून?” त्यास तें सांगतां आलें नाहीं. मग दोघांनीं मिळून शोध घेतला. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथि आहे आणि तिच्यावरूनच १६३० हें वर्ष येतें, असें त्यांस आढळलें. आजोबा म्हणाले, “तुझें बरोबर आहे. आम्ही शिकलों तें निराळें होतें.” त्या रात्रीं मुलानें वहींत पांचवा रकाना आंखला आणि त्यावर लिहिलें : ‘कशावरून’.

तो रकाना आंखावयास त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. आजोबांनीं आपली चूक कबूल करण्याचा जो मोठेपणा दाखविला, त्यांतून तो आला. गुणपत्रिका कांहीं वर्षांनीं हरवतात. हा प्रश्न विचारण्याची संवय मात्र जन्मभर पुरते. आमच्या वाचकांनीं आपापल्या घरीं या जूनपासून एक वही आणि एक शनिवार एवढेंच राखून ठेवावें, आणि मूल बोलूं लागलें म्हणजे आपण ऐकावें, ही विनंति.