सांध्याची मजुरी कोण देणार?

अर्धापुरात घर एका दमात पुरं होत नाही. केळीला भाव लागला की मागची खोली, पोराचं लग्न ठरलं की वरचा मजला, रस्त्याला लागून जागा असली की दुकानाचा गाळा. मी इथे घरांचे नकाशे करतो, स्लॅबच्या दिवशी साइटवर उभा राहतो. जुन्या स्लॅबला नवा जोडायचं काम सारखं येतं, आणि नेमकं तेच गुत्त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

गुत्तं ठरतं चौरस फुटावर. सांध्याला क्षेत्रफळ नाही, म्हणून मजुरीही नाही. मग जुन्या कडेवर छिन्नीचे चार टाचे पडतात, सिमेंटचं पाणी शिंपडलं जातं आणि मिक्सर सुरू होतो. पहिल्याच पावसाळ्यात त्या रेघेतून पाणी गळतं आणि घरमालक मिस्त्रीला बोल लावतो. मला मिस्त्रीचा दोष कमी वाटतो. फुकटात दिवसभर छिन्नी कोण चालवेल?

कारण काम दिवसभराचंच आहे. जुन्या स्लॅबखाली टेके लावायचे, कड फोडून मूळचे गज उघडे करायचे, तेही न वाकवता. नव्या गजाचा लॅप, म्हणजे जुन्या गजाला लागून जाणारी लांबी, गजाच्या जाडीच्या निदान पन्नासपट हवी. म्हणजे 8 मिलिमीटरच्या गजाला 400 मिलिमीटर, 10 च्या गजाला 500. तेवढं काँक्रीट हाताने फोडावं लागतं. मग गिट्टी दिसेपर्यंत टाचे मारायचे, भुकटी ब्रशने झाडून धुवायची, कड रात्रभर भिजत ठेवायची. पण ओतताना वर पाणी साचलेलं नको. कड कोरडी राहिली तर ती नव्या मालातलं पाणी ओढून घेते आणि पकड कच्ची राहते. बीमवरून स्लॅब पुढे जात असेल तर तिथे वरच्या अंगाला गज हवेतच. तो भाग वरून चिरतो आणि पाणी तिथूनच आत शिरतं. भोकं पाडून केमिकलने गज बसवता येतात, मात्र भोकातली भुकटी ब्लोअरने उडवली नाही तर ते काम वाया गेलं समजा.

आणि कुठे जोडूच नये, हेही कुणीतरी सांगायला हवं. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यात इसापूरच्या कालव्याचं पाणी शेजारच्या केळीत. जुन्या घराचा पाया केव्हाच बसलेला असतो, नव्याचा आता बसणार. अशा वेळी नव्या भागाला स्वतःचे कॉलम द्यावेत, मध्ये इंचभर फट ठेवावी, वरून पत्र्याची पट्टी झाकावी. 21 मार्च 2024 च्या पहाटे हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तो अर्धापुरातही जाणवला. पुढे लोकांनी मला घरं पाहायला बोलावलं, तेव्हा बोट बहुतेक जुन्या-नव्याच्या रेघेकडेच जात होतं.

नगरपंचायतीने वाढीव बांधकामाला परवानगी देताना सांध्याचा छेद नकाशात मागावा. गुत्तेदाराने सांधा धावत्या फुटावर वेगळा लावावा आणि मालकाने तिथे घासाघीस करू नये. ज्यांना पुढे वाढवायचंच आहे त्यांनी आजच लॅपपुरते गज बाहेर सोडावेत, पण सिमेंटचा लेप देऊन हलक्या काँक्रीटमध्ये बुजवून. उघडे सोडलेले गज पाच-सात पावसाळ्यांत पापुद्रे धरतात, आणि मग त्यांच्या भरवशावर नवा स्लॅब टाकता येत नाही.