ब्रेकचे तेल आणि मीरा रोडची हवा

जुनी मोटार बाळगणाऱ्याला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात : 'अजून पळते का?' आणि 'विकायची आहे का?' 'थांबते का?' हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक इंजिन बिघडले तर माणूस उशिरा पोचतो. ब्रेक गेला तर पोचण्याचीच शाश्वती नसते. म्हणून यंदा चार शब्द ब्रेकविषयीच.

माझी गाडी पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११००, पण जन्म कुर्ल्याचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यातला. मुंबईच्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. टॅक्सी गेल्या, तशी तिची नस ओळखणारी मिस्त्रीमंडळीही पांगत चालली. तेव्हा निदान राखणीपुरते काम मालकाने शिकून घ्यावे हे बरे.

या हायड्रॉलिक ब्रेकचे तत्त्व सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच पंडिताने सांगितले. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल नळ्यांतून चारही चाकांकडे रेटले जाते आणि ब्रेकचे जोडे ड्रमला आतून घट्ट भिडतात. नव्या गाड्यांत या नळ्यांचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तर दुसरा तारतो. आमच्या पद्मिनीत मार्ग एकच. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक गेला. उरतो तो हातब्रेक, आणि त्याचा जोर बेताचाच.

आता गंमत पाहा. या द्रवाला आपण तेल म्हणतो, पण ते खरे तेल नव्हे; तो ग्लायकॉल जातीचा पदार्थ, आणि त्याला पाण्याची भारी तहान. हवेतला ओलावा तो गुपचूप पीत राहतो. आमच्या मीरा रोडला एका अंगाला खाडी, जवळच भाईंदरची मिठागरे, आणि वर चार महिने पाऊस. त्याला प्यायला काय कमी! 'डॉट ३' प्रतीचे ताजे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलेले १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. काशिमिऱ्याहून ठाण्याकडे जाताना गायमुखाच्या उतारावर पाय सारखा ब्रेकवर ठेवला की ड्रम तापतात, तेलाला उकळी फुटते आणि नळीत वाफ धरते. द्रव दबत नाही, वाफ दबते. पेडल थेट तळाला टेकते, गाडी मात्र चालतच राहते. म्हणून उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, आणि गाडी वापरा वा उभी ठेवा, दर पावसाळ्यानंतर तेल बदलावे.

काम दोघांचे. गाडी सपाटीवर घ्यावी, चाकांना ओंडके लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ताजे तेल घातलेल्या बाटलीत बुडवावे. मी खालून म्हणतो, "दाब!" सौ. वरून म्हणते, "दाबलंय हो!" मग निपल उघडतो, तेल आले की पुन्हा आवळतो, आणि मगच तिला पाय उचलायला सांगतो. हा क्रम चुकला तर नळीत हवा शिरते. बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत हेच चालू ठेवावे. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये.

चार पथ्ये मात्र पाळावीत. काढलेले तेल पुन्हा ओतू नये. महिनोन्‌महिने उघडा पडलेला डबा वापरू नये. इंजिनचे तेल चुकूनही घालू नये. रबरी कप फुगून निकामी होतात. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग उठतो.

शेवटी पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरावे. ते हळूहळू खाली जाऊ लागले किंवा चाकाच्या आतली बाजू ओली दिसली, तर घरगुती विद्या तिथेच संपली असे समजावे. गाडी हलवू नये, मिस्त्रीला घरी बोलवावे. सगळे ठीक असेल, तर तेल बदलल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटखाली चिकटवावी. पुढच्या दिवाळीला ती आपोआप आठवण करून देईल.