घंटा हलवता येते, मग पाइप ऑर्गन हलवणे अवघड का?

वराळे, तळेगावहून चाकणमार्गे भीमाशंकरला जाणाऱ्यांनी देवळापाशी टांगलेली मोठी घंटा पाहिलेली असते. ती मुळात चर्चची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या घंटा वेगवेगळ्या देवळांत गेल्या. वाईजवळच्या मेणवलीत आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातही त्या आहेत. घंटा उतरवली, वाहून नेली, टांगली की काम झाले.

चर्चमधल्या पाइप ऑर्गनचे तसे नसते. (संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन वेगळा. त्यात धातूच्या पट्ट्या वाजतात.) इथे भात्यातली हवा लाकडी पेटीतून शेकडो नळ्यांत जाते. एका खालच्या सुरासाठी ८ फुटांची नळी लागत असेल, तर त्याच्याही एक सप्तक खाली जायला १६ फुटांची. ऑर्गन हलवायचा म्हणजे प्रत्येक नळीवर क्रमांक टाकून सगळा सांगाडा सुटा करायचा. शिसे-कथिलाच्या नळ्या इतक्या मऊ, की नीट आधार दिला नाही तर प्रवासातच वाकतात. भात्याचे जुने कातडे तर बहुतेक वेळा बदलावेच लागते.

खरी कसोटी जोडणीनंतर लागते. ऑर्गन त्या-त्या वास्तूच्या घुमण्याप्रमाणे जुळवलेला असतो, त्यामुळे नव्या जागी नळ्यांचा आवाज एकेक करून पुन्हा बसवावा लागतो. त्यात तापमान १० अंशांनी वाढले, की बहुतेक नळ्यांचा सूर अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांशाने चढतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, ते वेगळेच.

तरीही हे अशक्य नाही. ऑक्सफर्डच्या मॅग्डालेन कॉलेजातला ऑर्गन क्रॉमवेलच्या काळात हॅम्प्टन कोर्टला गेला, परत आला आणि १७३७ मध्ये, वसई पडण्याच्या दोनच वर्षे आधी, ट्यूक्सबरीच्या चर्चमध्ये पोहोचला. तिथे तो आजही आहे. मात्र मधल्या काळात त्याची अनेकदा पुनर्बांधणी झाली.

मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे. अशा वाद्यांसाठी स्थलांतर हा शेवटचा उपाय असायला हवा. वास्तूच उरणार नसेल, तरच. एरवी पैसा आधी गळक्या छपरावर आणि भात्यावर खर्च व्हावा. बंद पडलेल्या ऑर्गनशेजारी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड ठेवणे स्वस्त पडते, हे खरे. पण म्हणून नळ्या भंगारात घालण्याची घाई कशाला? आधी नळ्यांची मोजदाद करावी, फोटो काढावेत आणि जे सूर अजून वाजतात त्यांचे रेकॉर्डिंग करावे. सुरुवातीला त्यासाठी मोबाइलही पुरतो.