'हलकंफुलकं' म्हणे!

"हलकंफुलकं आहे रे, टाइमपास होईल." विनोदी प्रेमकथा किंवा रहस्यकथा सुचवताना आपण हे वाक्य जोडतोच. जणू हसू आलं की पुस्तकाची यत्ता खाली गेली! मला हे अजिबात पटत नाही. तीन कादंबऱ्यांचे दाखले देतो.

पहिली, रिचर्ड ऑस्मनची 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०). इंग्लंडमधल्या केंट परगण्यात एका पॉश वृद्धनिवासातली चार मंडळी दर गुरुवारी जुन्या, न सुटलेल्या खुनांचा काथ्याकूट करतात. आणि मग खराखुरा खून होतो. जॉइसची डायरी वाचताना हसून पुरेवाट होते. पण सगळ्यांची गुपितं काढणारी एलिझाबेथ घरी मात्र नवऱ्याची स्मृती पुसत चाललेली बघते, आणि तेच सगळ्यांपासून लपवते. खुनी कोण, याइतकंच मग हेही छळायला लागतं.

दुसरी, बेथ ओ'लिअरीची 'द फ्लॅटशेअर' (२०१९). लंडनमध्ये टिफी आणि लिऑन एकच पलंग आळीपाळीने वापरतात. तो रात्रपाळीचा नर्स, तिचं ऑफिस दिवसाचं. कित्येक महिने भेट नाही, नुसत्या चिठ्ठ्या. पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको! पण टिफीच्या आधीच्या प्रियकराने तिचा मानसिक छळ केलेला असतो. तो छळ होता हे तिला उशिरा उमगतं. आपल्यालाही, कारण आपण हसण्यात गुंतलेले असतो.

तिसरी, फ्रेडरिक बाकमनची मूळ स्वीडिश 'अँक्शस पीपल' (इंग्रजीत २०२०). रोख पैसेच न ठेवणाऱ्या बँकेवरचा दरोडा फसतो आणि भलतीकडे, फ्लॅट बघायला आलेली माणसं ओलीस धरली जातात. सगळा गोंधळ! मुळाशी मात्र पुलावरून कुणीतरी मारलेली उडी आहे, आणि ती विसरू न शकलेली माणसं.

तिन्हींत विनोद वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखा नाही. सरळ बोलणं झेपत नाही म्हणून ही माणसं विनोद करतात. आपण तरी वेगळं काय करतो? ऑफिसात ले-ऑफची कुजबुज सुरू झाली की ग्रुपवर आधी येतो तो जोकच. त्यामागची भीती दाखवणाऱ्या पुस्तकाला हलकं कसं म्हणायचं?

असो. एकच घ्यायचं तर ऑस्मनपासून सुरुवात करा. पुढचे भागही आहेत, वीकेंडची सोय झाली!