ज्या पुस्तकात वाजवणाऱ्याचं नाव नाही

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. गेल्या वर्षी त्याने एक जुना ड्रमसेट विकत घेतला. परवा त्याने अकरा पुस्तकांची यादी पाठवली आणि खाली लिहिलं, "मामू, फंक शिकायचंय. यातलं कोणतं घेऊ?"

मामू ड्रमर नाही, उर्दू-मराठीचा शिक्षक आहे. पण हे संगीत मी वीसेक वर्षं ऐकतोय, आणि चुकीचं पुस्तक पोराचं काय करतं हे रोज वर्गात पाहतोय. तेवढ्या हक्काने बोलतो.

यादीत सगळ्यात वर सगळ्यात जाड पुस्तक होतं. त्याची नमुन्याची पानं पाहिली. शेकडो पॅटर्न, एकाखाली एक, क्रमांक घातलेले. कुठल्या गाण्यातला, कोणी वाजवलेला, याबद्दल एक अक्षर नाही. मी लगेच ओळखलं. हे पुस्तक नाही, गाईड आहे. दहावीचा मुलगा गाईडमधून कवितेचा सारांश पाठ करतो आणि कविता वाचतच नाही, तोच प्रकार.

यावर काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. "खरा फंक पुस्तकात नसतोच. क्लाइड स्टबलफील्डला कुठे नोटेशन वाचता येत होतं?" नव्हतं येत, खरं आहे. टेनेसीतल्या चॅटनुगा गावी कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे आवाज ऐकत हा माणूस मोठा झाला आणि जेम्स ब्राउनच्या बँडचा कणा बनला. पण त्याला रोज रात्री तो बँड शिकवत होता. शेजारी जॅबो स्टार्क्ससारखा दुसरा ड्रमर बसलेला असायचा. माझ्या भाच्याजवळ हॉस्टेलची खोली आहे आणि भिंतीवर थापा मारणारा शेजारी आहे. ज्याला उस्ताद नाही, त्याला पुस्तक लागतंच. म्हणून पुस्तक हवं की नको हा वादच फुकाचा आहे. कोणतं पुस्तक, हा खरा वाद आहे.

माझ्या कसोट्या दोनच. पहिली, पुस्तक तुम्हाला कानाकडे पाठवतं का? फंकचा जीव स्नेअरवरच्या हलक्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या ठोक्यांत आहे. त्यांना घोस्ट नोट म्हणतात. कागदावर ती कंसातली एक खूण असते. किती हलकी, किंचित पुढे की किंचित मागे, हे कागद सांगू शकत नाही. टॉवर ऑफ पॉवर बँडचा ड्रमर डेव्हिड गॅरिबाल्डी याने 'फ्यूचर साउंड्स'मध्ये नेमकं हेच धरलंय: जोरकस ठोका आणि हलका ठोका, आवाजाच्या दोन पातळ्या वेगळ्या ठेवा, मग बाकीचं.

दुसरी कसोटी माझ्यासाठी मोठी आहे. पुस्तक वाजवणाऱ्याचं नाव घेतं का? १९६९ मध्ये सिनसिनाटीत 'फंकी ड्रमर' रेकॉर्ड झालं. त्यात स्टबलफील्ड एकटा वाजवतो ते जेमतेम वीस सेकंद. तेवढा तुकडा पुढे शेकडो हिप-हॉप गाण्यांत कापून वापरला गेला. गाणं जेम्स ब्राउनच्या नावावर होतं. ठेका ज्याच्या हातातून आला त्याला त्या वापराची रॉयल्टी मिळाली नाही. २०१७ मध्ये तो गेला. आता तोच ठेका एखादं पुस्तक 'सराव क्रमांक अमुक' म्हणून छापत असेल, तर लुटलेल्या माणसाला ते पुन्हा लुटतंय.

कोणी म्हणेल, विद्यार्थ्याला ठेका हवा, इतिहास कशाला? अहो, नाव म्हणजे पत्ता. 'न्यू ऑर्लिन्स पॅटर्न' एवढंच वाचणारा पोरगा जाणार कुठे? तिथे इद्रीस मुहम्मद लिहिलं असेल, तर तो लू डोनाल्डसनचं १९६७ चं 'अ‍ॅलिगेटर बुगालू' शोधेल. लिओ मॉरिस नावाने जन्मलेल्या आणि पुढे इस्लाम स्वीकारलेल्या या माणसाच्या हातात न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरची मिरवणूक कशी चालते, ते ऐकेल. मग त्याचा स्वतःचा हात बदलेल. क्रमांक ऐकता येत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. तबलजी गत वाजवण्याआधी सांगतो, ही अमुक उस्तादांची. गझलेच्या मक्त्यात शायर आपलं नाव विणून ठेवतो. नाव घेणं हा तालमीचाच भाग आहे.

म्हणून भाच्याला लिहिलं: अकरा नको, दोन घे. हातासाठी जॉर्ज लॉरेन्स स्टोनचं १९३५ चं 'स्टिक कंट्रोल'. त्यात फंक नावालाही नाही, उजवा-डावा एवढंच आहे, प्रत्येक सराव वीस वेळा. पण ते कुणाचा ठेका लपवतही नाही. आणि कानासाठी अ‍ॅलन स्लटस्की व चक सिल्व्हरमन यांचं 'द फंकमास्टर्स'. जेम्स ब्राउनच्या गाण्यांतले ड्रम, बास आणि गिटार शेजारी शेजारी लिहिलेत, सोबत वाजवायला रेकॉर्डिंग आहे, आणि पुस्तकाचा विषयच वाजवणारी माणसं आहेत. ड्रम एकटा फंक होत नाही, बास कुठे थांबतो हे कळल्यावर होतो.

त्याचं उत्तर आलं, "मामू, दोनच? मित्रांकडे तर पंधरा-पंधरा पीडीएफ आहेत."

असू देत. मी त्याला एकच अट घातली आहे. पुढच्या सुट्टीत घरी येशील तेव्हा एकच ठेका वाजव, पण आधी तो कोणाचा ते सांग. नाव सांगता आलं नाही, तर काठ्या खाली ठेव आणि आधी ऐकून ये.