कणा, कळा आणि गांजा

'गांजा' म्हटलं की आम्हा चोपडेकरांना आठवतात त्या सातपुड्याकडच्या धाडींच्या बातम्या. पिकाच्या आड लावलेली झाडं, उपटून रचलेला ढीग... आज मात्र त्या झाडाकडे दुखणाऱ्या माणसाच्या बाजूने बघायचं आहे.

1965च्या युद्धात पाठीच्या कण्यात गोळी लागलेल्या मुरलीकांत पेटकरांचं 1972चं सुवर्णपदक आपल्याला ठाऊक असतं. पण अशा माणसांच्या रात्री कशा जातात, हे कुणी विचारत नाही. आमच्या नात्यातला एक मुलगा निंबावरून पडला, कणा मोडला. "काका, पाय हलत नाहीत, मग दुखतात कसे?" असं तो विचारतो. स्पर्श कळत नाही, पण आतून आग होते. पाय आपोआप आखडतात.

बॅक्लोफेन, प्रीगाबालिन चालू आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीने लघवी काढायची. झटके अचानक वाढले, तर लघवी तुंबली का, बेडसोर झाला का, हे आधी बघायचं. यातलं काहीच गांजाने टळत नाही.

तरी कुणी ना कुणी सांगतंच, "चिलीम ओढू द्या." मला ते अजिबात पटत नाही. चिलमीत औषध किती, हे कोण सांगणार? आधीच गोळ्यांची गुंगी, त्यात नशा. खुर्चीत बसताना पोरगा पडला तर?

पण म्हणून झाडाचा औषधी अभ्यासच नको, हेही चूक. 1839 साली कलकत्त्यात डॉ. ओशॉनेसींनी धनुर्वाताच्या झटक्यांवर गांजाचा अर्क देऊन पाहिला होता. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायू आखडतात, त्यावर ब्रिटनने 2010 मध्ये गांजापासून केलेला तोंडात मारायचा फवारा मंजूर केला. कणा मोडलेल्यांवरच्या अभ्यासांचे निकाल मात्र संमिश्र आहेत.

आपला 1985चा कायदासुद्धा वैद्यकीय आणि शास्त्रीय वापराला जागा ठेवतो. भांगेची नुसती पानं त्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. 'विजया' घातलेली आयुर्वेदिक औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सर्वात कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारतानेही मत दिलं.

मग आपल्याच रुग्णांवर नीट चाचण्या करा. गुण आला, तर मोजून केलेलं औषध तालुक्याच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्या. नाही आला, तर तसं स्पष्ट सांगा. धाडी पडोत बापड्या. पण कळांचा प्रश्न पोलिसांवर सोडून कसं चालेल?

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर झोप लागते का, एवढं तरी आज विचारा.